हार घातलेला चेहरा

१

मंगळवारी दुपारी गिरगावातल्या चित्रकलेच्या क्लासमध्ये हेडस्टडी, म्हणजे समोरचा चेहरा काढायचा तास, असायचा, आणि हेडस्टडीला मॉडेल म्हणून रखमाताई असायच्या. सकाळी खेतवाडीतल्या घरांमध्ये पोळ्या लाटून त्या थेट यायच्या, हात धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि ब्रेक होईपर्यंत हलायच्या नाहीत. बसणं हेच काम असेल तर ते चोख बसायचं, असा त्यांचा खाक्या. चेहरा रुंद, रापलेला, आणि डाव्या भुवईत एक फट. लहानपणी पाळण्याची कडी लागली होती, असं त्या दर नव्या बॅचला सांगायच्या, आणि दर नवी बॅच नेमकी तीच फट काढायला विसरायची.

"तुम्हाला माहीत आहे ते काढू नका रे," धम्मपाल मुलांच्या मागून फिरत म्हणायचा. "भुवई कशी असते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही भुवई काढताय. ही भुवई बघा."

हे वाक्य त्याचं त्यालाच आवडायचं. वर्कशॉपमध्ये, मुलाखतीत, कुठेही तो ते सोडायचा नाही. चाळिशीकडे झुकलेला धम्मपाल मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचा आणि त्याची 'आजी' प्रसिद्ध होती. गोल चष्मा, मानेवर अंबाडा, मांडीवर सुपातले तांदूळ. प्रकाशक फोनवर सरळ म्हणायचे, तुमची ती आजी टाका. ती आजी तो डोळे मिटून काढू शकायचा, आणि खरं सांगायचं तर डोळे मिटूनच काढायचा.

घरी मात्र आजी नव्हती, आत्या होती. त्याची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हा नवरा वारलेली कांताआत्या भावाच्या घरी, परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत आली आणि तिथलीच झाली. तिने धम्मपालला वाढवलं, आर्ट स्कूलला घातलं, आणि तो मोठा आर्टिस्ट झाल्यावरही रोज त्याचं ताट वाढून उंबऱ्याशी बसून राहिली. तो जेवायचा, ती बघायची. तो कशाकडे बघायचा? आधी स्केचबुककडे, मग फोनकडे, मग टॅबकडे. मान खाली घालून जेवायची सवय होती त्याला.

डिसेंबरात आत्या गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं.

"रविवारी पुण्यानुमोदन आहे," वडील बाबुराव म्हणाले. "वंदनेला फोटो ठेवायला लागेल."

फोटो शोधायला बसले तेव्हा कळलं की फोटो नाही. म्हणजे फोटो पुष्कळ होते, पण आत्याला फोटोचं वावडं. समोर फोन दिसला की तिचा पंजा तोंडासमोर यायचा. लग्नात पंजा, बारशात पंजा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळ्या साडीवर पंजा. आधार कार्डावर होता एक चेहरा, पण तो मोठा करून पाहिला तर नुसते राखाडी ठिपके. ती आत्याही असू शकली असती आणि बाबुरावही.

"फोटो कशाला पायजे?" बाबुराव म्हणाले. "घरात एवढा आर्टिस्ट आहे. काढ तू."

धम्मपाल दुपारी कागद घेऊन बसला. साडी काढली. हात काढले, बोटांची पेरं, बांगडीखालचा भाजल्याचा डागसुद्धा. अंबाडा काढला. मग चेहऱ्यापाशी आला आणि थांबला. तिथे काहीच नव्हतं. त्याने डोळे मिटले, तर समोर पुस्तकातली आजी येऊन बसली. ती झटकली तर उंबरा दिसला, पदर दिसला, ताट दिसलं. चेहऱ्याच्या जागी पंजाही नव्हता.

तीस-बत्तीस वर्षं जिने समोर बसून जेवू घातलं, तिचं नाक कसं होतं ते आपल्याला माहीत नाही. हे कुणाला सांगणार? वडिलांना? लाज वाटून तो तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडे चित्र द्यायचं होतं.

फोल्डरमध्ये रखमाताईंचा एक हेडस्टडी होता. क्लासमध्ये डेमो म्हणून त्यानेच काढलेला, फार चांगला जमलेला. वयही साधारण तेच. त्याने तो कागद बाहेर काढला आणि त्याच्यावरच रंग चढवायला सुरुवात केली. केस पांढरे केले, आत्याची निळी साडी नेसवली, चष्मा घातला. चेहऱ्याला हात लावला नाही. चेहरा रखमाताईंचाच राहिला, भुवईतल्या फटीसकट.

बाबा लगेच ओळखतील, तो मनाशी म्हणाला. ओळखतील, चिडतील, मग खरं सांगू. ओळखू देत म्हणजे सुटलो.

२

कुणी ओळखलं नाही.

खोलीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने बसली होती, बाहेर गॅलरीत चपलांचा ढीग. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबलावर चित्र ठेवलं होतं. बाबुराव पुढे झाले, चष्मा पुसून त्यांनी चित्राकडे बघितलं. धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याचे कान तापले होते.

"हीच," बाबुराव म्हणाले. "अगदी हीच रे, धम्मा." आणि त्यांना रडू कोसळलं.

शेजारच्या सीताराममामांनी मान डोलवली. आत्याबरोबर नळावर भांडलेल्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. "आता बोलंल असं वाटतंय," एक म्हणाली. कुणीतरी धम्मपालच्या पाठीवर थाप मारली. मग बाबुरावांनी झेंडूचा हार उचलला आणि चित्राला घातला.

त्या क्षणी धम्मपालच्या मनात आलं, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. खेतवाडीत या वेळी ती बाई कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत असेल, आणि इथे परळला तिच्या चेहऱ्याला हार घातलाय, समोर मेणबत्ती लावलीय, आणि माणसं हात जोडून बसलीत.

पण हा विचार आल्याचीही त्याला लाज वाटली. हे घर असल्या गोष्टी मानणारं नव्हतं. मांजर आडवं गेलं की बाबुराव मुद्दाम त्याच वाटेने जायचे. अमावास्येला नवं काम सुरू करायचे. 'आपल्याकडे भूतबीत चालत नाय' हे धम्मपालने बाराखडीच्या आधी ऐकलं होतं. कागद तो कागद, कोळसा तो कोळसा. त्रिशरण सुरू झालं तसं त्यानेही हात जोडले आणि नजर चित्रावरून काढून सतरंजीवर ठेवली.

३

पुढच्या मंगळवारी रखमाताई नेहमीप्रमाणे आल्या. धम्मपालने त्यांना नमस्कार केला तो रजिस्टरकडे बघत. त्यांच्या तोंडाकडे बघणं त्याच्या जिवावर आलं होतं. कुणाच्या घरातून वस्तू उचलून आणावी आणि मग त्यांच्याकडेच चहाला बसावं, तसं वाटत होतं. खुर्चीची जागा, उजेड, पडदा हे सगळं त्याने त्यांच्या खांद्यांकडे बघतच सांगितलं.

मुलांनी सुरुवात केली. कोळशाची खरखर, खालच्या फरसाणवाल्याच्या तळणीचा वास, पंख्याची कुरकुर. हा आवाज ऐकला की त्याला बरं वाटायचं. पण आज खरखर मध्येच थांबत होती. खोडरबर जास्त चाललं होतं.

दीपिका ही त्या बॅचमधली सगळ्यात तयार मुलगी. ती दोन कागद शेजारीशेजारी लावून बसली होती, मागच्या मंगळवारचा आणि आजचा.

"सर, काहीतरी गंडतंय," ती म्हणाली. "मागच्या वेळचं मेजरमेंट जुळतच नाहीये. दोन वेगळ्या बायका काढल्यासारखं होतंय."

"उजेड वेगळा असेल."

"उजेड नाही सर. हे बघा ना."

त्याने आजच्या कागदावर नजर टाकली ती फक्त भुवईवर. डावी भुवई अखंड होती.

"फट कुठंय?" तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "तीन महिने सांगतोय. माहीत आहे ते काढताय तुम्ही, बघत नाही."

"फट नाहीये, सर," दीपिका हळूच म्हणाली.

धम्मपालने त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीकडे पाहिलं, एका निमिषापुरतं, तेही नेमकं भुवईवर बोट ठेवावं तसं. भुवई सलग होती. कानशिलापर्यंत काळीभोर, सलग.

पेन्सिल लावली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. हल्ली सगळ्याच बायका लावतात. दीपिकाचा कागद त्याने उलटा करून ठेवला आणि तिला म्हणाला, "आज हात काढ." तिला अपमान वाटला हे दिसत होतं. बरोबर असलेल्या मुलीला आपण भर वर्गात खोटं पाडलं हे त्यालाही कळत होतं.

ब्रेकमध्ये रखमाताई चहाचा ग्लास घेऊन जिन्यापाशी उभ्या होत्या.

"सर, एक विचारू? लेकीने तिचा जुना फोन दिलाय मला. तोंड बघून उघडायचा. आता नाय उघडत."

"होतं तसं. म्हातारं झालं मॉडेल की होतं."

"मी का फोन?" त्या हसल्या. मग हसू थांबलं. "आणि नात येत नाय जवळ. कडेवर घेतली की रडते. नुसती माझ्याकडे बघते आणि रडते."

"दात येत असतील," धम्मपाल त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाला.

४

घरी चित्र दाराच्या समोरच्या भिंतीवर लागलं होतं. हार दोन दिवसांनी बदलला जायचा. बाबुराव निवृत्तीनंतर बोलणं विसरल्यासारखे झाले होते, पण आता चित्राखाली खुर्ची टाकून बोलत बसायचे. पाणी आलं होतं ग आज. समोरच्या टॉवरची सावली आता तीनलाच येते ग. धम्मपाल आत आला की आवाज खाली यायचा. म्हाताऱ्याला एवढ्यानं बरं वाटत होतं, आणि म्हणूनच काही बोलायची सोय उरली नव्हती.

एकदा न राहवून त्याने विचारलं, "बाबा, आत्याच्या भुवईला खूण होती?"

"होती की. नळावर शामरावच्या आईशी भांडताना हंडा लागलेला. रक्त किती आलं! मीच नेली ना दवाखान्यात."

हे ते इतकं सहज म्हणाले की धम्मपाल त्यांच्याकडे बघतच राहिला. वय झालंय, त्याने मनाशी जुळवून घेतलं. चित्रात रोज दिसते ती खूण, तिला त्यांनी गोष्ट जोडली. माणसाची आठवण अशीच चालते. किंवा मग दुसरं. आत्याला खरंच खूण असेल, आपल्याला कुठेतरी आत ती आठवत असेल, आणि म्हणूनच फोल्डरमधून आपण नेमका रखमाताईंचा कागद उचलला. हे उत्तर त्याला फार आवडलं, कारण त्यात त्याचा गुन्हा नव्हता.

खात्री करावी म्हणून त्याने फोनमधले जुने फोटो काढले. मिरवणुकीतला फोटो. निळी साडी, तोंडासमोर पंजा. त्याने तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. पंजाच्या बोटांमध्ये फटी होत्या. एका फटीतून डावी भुवई दिसत होती, आणि ती मध्येच तुटलेली होती.

म्हणजे होतीच. त्याने सुस्कारा टाकला. मग फोटो आणखी थोडा सरकवला. दुसऱ्या फटीतून ओठाचा कोपरा दिसत होता, रुंद, रापलेला. हा ओठ त्याने कोळशाने काढला होता, गिरगावात, एका मंगळवारी, पंख्याखाली. हा फोटो पाच वर्षांपूर्वीचा होता, आणि तेव्हा रखमाताई त्याच्या ओळखीच्याही नव्हत्या.

त्याने फोन पालथा ठेवला. बाहेर गॅलरीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. खोलीत ऊन होतं, भर दुपार होती, आणि घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. भिंतीवरून आत्या त्याच्याकडे बघत होती. म्हणजे आत्या नव्हे.

५

जानेवारीत त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन होतं, फोर्टातल्या एका गॅलरीत. विषय चाळीतली खोली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढल्यावर ही पहिली त्याची स्वतःची. गॅलरीची मनवा चित्रं निवडायला घरी आली. चुणचुणीत, पुण्याकडचं बोलणारी, आणि चाळीत शिरताना चप्पल कुठे काढायची ते आपणहून बघणारी मुलगी. तिने सगळी चित्रं पाहिली, चांगली म्हणाली, आणि मग भिंतीसमोर थांबली.

"हे हवंच."

"ते घरचं आहे. पुण्यानुमोदनाचं," धम्मपाल म्हणाला.

"म्हणूनच. बाकीच्या चित्रांत तुमचा हात दिसतो, सर. ह्यात तुम्ही कुणाकडे तरी खरंच बघितलंय." ती जवळ गेली. "हारही राहू द्या. हारासकट लावू."

त्याला नाही म्हणता आलं असतं. त्या एका शब्दाने पुष्कळ काही थांबलं असतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण बाबुरावांनी खुर्चीतूनच विचारलं, "म्हणजे कांता फोर्टात लागणार?" त्यांचा चेहरा उजळला होता. आणि खोटं कशाला बोला, मनवाचं ते वाक्यही त्याला गोड लागलं होतं.

"न्या," तो म्हणाला.

त्या मंगळवारी क्लासच्या खाली आवाज चढले होते. वॉचमन कुशाबा रखमाताईंना वर सोडत नव्हता.

"सर, ह्या बाई म्हणतात मी रोजची. रोजच्या बाईंना मी ओळखत नाय काय?"

"सोडा त्यांना," धम्मपाल जिन्यावरूनच म्हणाला. खाली उतरला नाही.

त्या वर आल्या, पण खुर्चीत उलट्या बसल्या, भिंतीकडे तोंड करून. "आज पाठ काढू द्या मुलांना," म्हणाल्या. मुलांनी पाठ काढली. छान जमली सगळ्यांना.

निघताना त्या त्याच्या टेबलापाशी आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तो वह्या लावत राहिला.

"सर, मागे तुम्ही माझं चित्र काढलं होतं ना? मुलांना दाखवायला? सगळी मुलं म्हणाली होती, हुबेहूब."

"असेल."

"ते द्याल मला? घरी दाखवते." आवाज शांत होता, पण मधूनच तुटत होता. "काल लेकीने दार उघडलं आणि म्हणाली, कोण पायजे. मी म्हटलं, अगं मी. आवाजावरून घेतलं आत. पण रात्रभर जागी होती, माझ्याकडे बघत. माझा एक पण फोटो नाय हो धड. ते चित्र असलं म्हणजे दाखवता येईल, ही मी."

ते चित्र निळ्या साडीखाली होतं, पांढऱ्या केसांखाली, काचेमागे, हारामागे. उद्या टेम्पोत बसून ते फोर्टात जाणार होतं.

"शोधतो," धम्मपाल म्हणाला. "कुठंतरी ठेवलंय."

"उपकार होतील, सर."

त्या गेल्या. त्याला वाटलं होतं त्या गेल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. आपण एका बाईचं काय काढून घेतलंय याचा अंदाज त्याला आला होता आणि आपण ते परत देणार नाही याचाही.

६

उद्घाटनाला गर्दी चांगली होती. चाळीतली माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली होती आणि भिंतीवर स्वतःचे नळ, स्वतःच्या बादल्या बघून हसत होती. क्लासची मुलं आली होती. बाबुराव पांढऱ्या शर्टात बहिणीच्या चित्राशेजारी उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, माझी बहीण.

धम्मपालला निळसर पदर आधी दिसला. रखमाताईंना कुणी बोलावलं नव्हतं. दीपिकाने मेसेज सगळ्यांना पाठवला होता, त्यांनाही. गर्दीतून वाट काढत त्या सरळ चित्रापाशी आल्या आणि काचेसमोर उभ्या राहिल्या, धम्मपालकडे पाठ करून.

"सर, ते चित्र मिळालं?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

धम्मपाल त्याच चित्राच्या पुढे उभा होता.

"नाही," तो म्हणाला. "सापडलं नाही."

त्या चित्राकडे बघत राहिल्या, पुष्कळ वेळ. "ह्यांना कुठंतरी बघितलंय मी," त्या म्हणाल्या. "कोण ह्या?"

"माझी बहीण, कांता," बाबुराव पुढे होऊन म्हणाले. "डिसेंबरात गेली."

"असं होय." त्यांनी चित्राला हात जोडले. "तुमच्याकडे तरी आहे चांगलं चित्र."

काच होती. वरचा दिवा काचेवर पडला होता आणि हाराच्या झेंडूंमध्ये, रंगवलेल्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, समोर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा उमटला होता. धम्मपालला नजर काढायला उशीर झाला.

डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक. खालचा ओठ दातांखाली धरलेला. भात संपत आला की तो ओठ असाच दातांखाली जायचा. आणखी वाढू का, हे विचारायच्या आधी. नाकावर डाव्या बाजूला देवीचा एक वण. तो चेहरा आठवता आठवता त्याने डोकं फोडून घेतलं होतं, आणि आता तो एका निमिषात सगळा आला, शाळेच्या दारापासून हॉस्पिटलच्या उशीपर्यंत. पुस्तकातली आजी नव्हती ती. ती आत्या होती.

आणि काचेतून ती त्याच्याकडेच बघत होती, त्याने मान वर करायची वाट बघत.

"बाई, जरा बाजूला व्हा ना," बाबुराव म्हणाले. त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ, अगदी सरळ पाहिलं. "फॅमिली फोटो काढायचाय. धम्मा, ये. कांताच्या बाजूला उभा राहा."

मनवाने फोन उचलला. त्याबरोबर त्या बाईचा पंजा तोंडासमोर आला, बोटं फाकलेली.

एवढंच म्हणायचं होतं, बाबा, तिच्याकडे बघा. तीन शब्द. धम्मपालच्या जिभेवर होते ते. समोर क्लासची मुलं होती, मनवा होती, सीताराममामा होते, आणि शेजारी वडील होते, ज्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं होतं.

"हसा, बाबा," धम्मपाल म्हणाला.

त्या फोटोत सगळे हसतायत. उजव्या कडेला एका बाईचा खांदा आहे आणि एक पंजा. मनवाने तो भाग कापून मग फोटो सगळ्यांना पाठवला.

७

प्रदर्शन संपलं, चित्र भिंतीवर परत आलं. मंगळवारी रखमाताई आल्या नाहीत. कुशाबाने सांगितलं, कुणी आलंच नाही. धम्मपालने दुसरी मॉडेल बोलावली. दीपिकाने क्लास सोडला होता. जाताना ती एक गुंडाळलेला कागद त्याच्यासाठी टेबलावर ठेवून गेली. उलगडला तर आतला चेहरा कुणाचा असेल ते त्याला माहीत होतं. तो त्याने कपाटावर टाकला, सगळ्यात वर.

रविवारी दुपारी बापलेक जेवायला बसले होते. गॅलरीतून पावलं आली आणि दारापाशी थांबली. कडी वाजली नाही. आत्या कधी कडी वाजवायची नाही. ती दाराच्या फळीवर नुसती नखं वाजवायची. नखं वाजली.

बाबुराव उठले. धम्मपालची पाठ दाराकडे होती. समोर भिंत होती आणि भिंतीवर हार.

दार उघडल्याचा आवाज आला.

"दादा," बाईचा आवाज म्हणाला. "मला घरी घेत नाय कोणी."

बाबुरावांनी क्षणभर तिला निरखून पाहिलं. त्या क्षणात काहीही होऊ शकलं असतं असं धम्मपालला वाटलं. मान वळवली असती तर, उठला असता तर, नुसतं नाव घेतलं असतं तर.

"तुम्ही चुकलात, बाई," बाबुराव सौम्यपणे म्हणाले. "आम्ही ओळखत नाय तुम्हाला. कुठल्या चाळीत जायचंय?"

बाबुरावांनी दार हळूच लोटून घेतलं आणि येऊन ताटावर बसले. "कोण होती कुणास ठाऊक," म्हणाले. "बिचारीला काही आठवत नसेल. आवाज जरा ओळखीचा वाटला."

परतलेली पावलं ऐकू येतील म्हणून धम्मपाल थांबला. पावलं आली नाहीत. मग बाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी, जिथे इतकी वर्षं फक्त आत्याचा जोड असायचा, तिथे चपला काढून ठेवल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी. मग उंबऱ्यापलीकडे कुणीतरी गुडघ्यावर हात टेकत खाली बसलं.

दाराची फळी खाली जराशी झिजलेली होती. तिच्याखालून आता उजेड येत नव्हता.

"भात घे की अजून," बाबुराव म्हणाले. "संपत आलाय."

धम्मपालने मान खाली घातली आणि जेवत राहिला.